ट्रेलर फिरून फिरून डोलतोय? नवा हिच घेण्याआधी वजनकाटा गाठा

मागच्या आरशात आधी ट्रेलरची डावी कड दिसली, मग उजवी, मग परत डावी. वायोमिंगमध्ये लारामी सोडून आय-८० वर एल्क माउंटनच्या दिशेने चाललो होतो. एक अठराचाकी बाजूने भसकन निघून गेला आणि आमचं चाकावरचं घर शेपूट हलवायला लागलं. वेग ताशी ६८ मैल. माझा पाय ब्रेककडे निघाला होता, तेवढ्यात बायको म्हणाली, "अरे, ब्रेक नको, नुसता पाय काढ." मी ऍक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि ब्रेक कंट्रोलरची कळ बोटाने दाबली. ती कळ फक्त ट्रेलरचे ब्रेक लावते, त्यामुळे ट्रेलर मागून ओढला जातो आणि सरळ होतो. पाच-सहा सेकंदांचा खेळ. पुढच्या रेस्ट एरियात थांबलो तेव्हा माझे हात थरथरत होते आणि मुलगी मागच्या सीटवर कानात हेडफोन घालून शांत बसली होती. तिला काही कळलंच नव्हतं.

हिच, म्हणजे ट्रक आणि ट्रेलर जोडणारी यंत्रणा, नवा होता. तोही दुसरा. पहिला ट्रेलरबरोबर विक्रेत्यानेच बसवून दिला होता. तो कमी ताकदीचा निघाला, म्हणून आठशे डॉलर घालून दुसरा घेतला. त्यानंतर सहा ट्रिप झाल्या. चार अगदी लोण्यासारख्या, दोन अशा. हिच तोच, पिकअप ट्रक तोच, चालवणारा मीच. दुखणं कायम असतं तर कारण लवकर सापडलं असतं. हे कधी यायचं, कधी जायचं, आणि अशाच दुखण्यावर माणूस दुकानात जाऊन पैसे उधळतो. मी तिसरा, तीन हजार डॉलरचा हिच ऑनलाइन कार्टमध्ये टाकून ठेवला होता.

तो घेतला नाही. का, ते सांगतो.

आधी दुखणं कुठलं ते बघा

"ट्रेलर नीट चालत नाही" या एका वाक्यात तीन निरनिराळ्या तक्रारी असतात, आणि माझ्याकडे आहे तसा वेट डिस्ट्रिब्युशन हिच, म्हणजे वजन वाटून देणारा हिच, त्यातली एकच पुरती सोडवतो.

पहिली: ट्रक मागून बसतो, पुढून उचलला जातो, स्टिअरिंग हलकं लागतं, रात्री समोरचे लोक हेडलाइटमुळे शिव्या घालतात. हे या हिचचं खास काम. दुसरी: ट्रेलर डावी-उजवीकडे डोलतो. यात हिचमधली डोल रोखणारी यंत्रणा मदत करते, पण ती मदतच, मूळ कारण बहुतेक वेळा सामान लावण्यात असतं. तिसरी: काँक्रीटच्या रस्त्यावरच्या सांध्यांवर ट्रक आणि ट्रेलर घोड्यासारखे पुढेमागे उसळत राहतात. त्याला शॉक ऍब्सॉर्बर, टायर आणि वेग बघावा लागतो. हिचचे बार आणखी ताणून ती उसळी जात नाही, उलट कधी वाढते.

माझी तक्रार दुसरी होती आणि मी उपाय पहिलीवरचा करत होतो.

हा हिच काम कसा करतो ते थोडक्यात. ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी सांगाड्याचं, म्हणजे ए-फ्रेमचं, टोक ट्रकमागच्या पोलादी गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, बसतं. त्या टोकावर जेवढं वजन येतं ते टंग वेट. ते ट्रकच्या मागच्या चाकांच्याही मागे पडतं, म्हणून ट्रक तराजूच्या दांडीसारखा मागे कलतो. हिचच्या डोक्यातून दोन स्प्रिंग बार निघून ए-फ्रेमच्या बाजूने मागे जातात. साखळीने किंवा ब्रॅकेटने त्यांची टोकं वर ताणली की ते ट्रकचं मागचं टोक उचलायला बघतात. हातगाडीचे दांडे उचलले की वजन पुढच्या चाकावर जातं ना, तसं. ट्रकच्या मागच्या एक्सलवरचा भार कमी होतो, त्यातला काही पुढच्या चाकांवर आणि काही ट्रेलरच्या चाकांवर जातो. एकूण वजन एक पाउंडही कमी होत नाही. रिसीव्हरवर, म्हणजे ट्रकखालच्या चौकोनी नळीवर, लिहिलेली मर्यादाही त्यामुळे पुसली जात नाही.

काट्यावरचे आकडे

अमेरिकेत हायवेलगतच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे वजनकाटे असतात. पंधरा डॉलरच्या आसपास पडतात, आणि त्याच दिवशी पुन्हा वजन केलं तर त्याहून बरेच कमी. काट्याचे वेगवेगळे पत्रे असतात. पुढची चाकं पहिल्या पत्र्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर अशी गाडी उभी करायची. ऍप आहे, ट्रकवाल्यांसारखं खिडकीतून हात लांबवून बटण दाबायची गरज नाही. पहाटे गेलात तर मागे कुणी हॉर्न वाजवत नाही.

तीन वजनं करायची: ट्रेलर जोडून बार ताणलेले, ट्रेलर जोडून बार सैल, आणि ट्रेलर बाजूला उभा करून नुसता ट्रक. ट्रिपला निघताना असतं तसं सगळं भरून. माणसंसुद्धा बसवून.

माझे आकडे असे आले, सगळे पाउंडात. नुसता ट्रक, आम्ही चौघं आत: पुढे ३,२४०, मागे २,८६०, एकूण ६,१००. ट्रेलर जोडला, बार सैल: पुढे २,८८०, मागे ४,०२०, ट्रेलरच्या चाकांवर ५,३४०. ट्रकवर ६,९०० झाले, म्हणजे ८०० पाउंड वाढले. हेच माझं खरं टंग वेट. ट्रेलरचं वजन ५,३४० अधिक ८००, म्हणजे ६,१४०. टंग वेट त्याच्या १३ टक्के. ट्रॅव्हल ट्रेलरला ते १० ते १५ टक्क्यांच्या मध्ये हवं, त्यामुळे हा आकडा छान.

बार ताणल्यावर: पुढे ३,०६०, मागे ३,७४०, ट्रेलरवर ५,४४०. पुढच्या चाकांवरून ३६० पाउंड उडाले होते, त्यातले १८० परत आले. मागच्या एक्सलवरून २८० उतरले. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर माझ्या मागच्या एक्सलची मर्यादा ३,८५० आहे. बारशिवाय ती १७० ने ओलांडली होती, बारसकट ११० ने आत आली. ट्रकची एकूण मर्यादा ६,९००, भरले ६,८००. शंभर पाउंड शिल्लक. हे १०० पुढे गोष्टीत येणार आहेत, लक्षात ठेवा.

आता ब्रोशर. त्यात ट्रेलरचं कोरडं वजन ५,४०० आणि हिचवरचं वजन ५६० छापलं होतं. विक्रेत्याने ते ५६० बघून ६०० पाउंडांचे बार दिले. कोरडं म्हणजे कसं? पुढच्या दोन प्रोपेनच्या टाक्या रिकाम्या, बॅटरी बहुधा नाहीच, फडताळात एक चमचा नाही. मी त्यात दोन भरलेल्या टाक्या, दोन बॅटऱ्या, पुढच्या पलंगाखाली खुर्च्या आणि तंबू, आणि बायकोच्या भाषेत "अर्धं स्वयंपाकघर" भरलं. ५६० चे ८०० झाले. बार कमी पडणारच होते. पहिला हिच बदलला ते बरोबरच होतं, फक्त तेवढं करून प्रश्न मिटला असं मी धरून चाललो, ती चूक.

बार किती ताकदीचे

बारवर दोन आकडे असतात: टंग वेट आणि ट्रेलरचं एकूण वजन. इक्वलायझर कंपनीचे ६००/६,०००, १,०००/१०,०००, १,२००/१२,००० असे चढत जातात, इतरांचेही थोड्या फरकाने तसेच. निवडताना धरायचं ते भरलेल्या ट्रेलरचं मोजलेलं टंग वेट, आणि ट्रकमध्ये मागच्या एक्सलच्या मागे ठेवलेलं सामान. माझ्याकडे तिथे कूलर आणि जनरेटर मिळून १५० पाउंड असतात. ८०० अधिक १५०, म्हणजे ९५०. म्हणून १,००० चे बार.

"मग १,४०० चेच घेऊ, ताकद जास्त असलेली बरी" असं खूप जणांना वाटतं. माझ्या मेव्हण्यालाही वाटलं. जास्त जाड बार वाकत नाही. पेट्रोल पंपाच्या उताराच्या तोंडाशी ट्रक खाली आणि ट्रेलर वर असा कोन झाला की बारने थोडं वाकून तो धक्का गिळायचा असतो. तो वाकला नाही तर धक्का ए-फ्रेमला आणि रिसीव्हरला बसतो. मेव्हण्याचा ट्रेलर ४,५०० पाउंडांचा. त्याच्या ट्रकमध्ये बसलं की दर खड्ड्यात दाढा वाजतात.

रिसीव्हरवरचं स्टिकर वाचा. त्यावर बहुधा दोन ओळी असतात. नुसत्या बॉलवर ओढायचं तर एक मर्यादा, वेट डिस्ट्रिब्युशन हिचने ओढायचं तर दुसरी, मोठी. पुष्कळ ठिकाणी पहिली ५,००० आणि ५००, दुसरी १०,००० आणि १,००० असते. ५०० च्या वर टंग वेट असून नुसत्या बॉलवर ट्रेलर ओढणारे मी रोज बघतो.

आणि गाडीचं मॅन्युअल. काही मोनोकॉक बांधणीच्या, म्हणजे खाली वेगळा सांगाडा नसलेल्या, एसयूव्हींच्या मॅन्युअलमध्ये असा हिच लावू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं, कारण तो पिळा सोसायला त्यांच्या मागच्या भागात लांब चेसिसच नसते. तसं लिहिलं असेल तर तिथे विषय संपला. छोटा ट्रेलर घ्या.

जाहिरातीतल्या ओढण्याच्या आकड्याने हुरळून जाऊ नका. तो एसएई जे२८०७ नावाच्या मानकाप्रमाणे काढतात. ऍरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या घाटावर भर उन्हाळ्यातल्या गरमीत चढ चढवण्याची परीक्षा त्यात आहे, मानक चांगलंच आहे. पण त्यात ट्रकमध्ये १५० पाउंडांची दोनच माणसं धरतात. आपल्याकडे दोन मुलं, आजी, आणि आजीची बॅग. माझ्या ट्रकची ओढायची क्षमता संपायच्या कितीतरी आधी दारावरच्या पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवरची वाहायची क्षमता संपते. बहुतेक हाफ-टन, म्हणजे हलक्या वर्गातल्या, पिकअप ट्रकांची हीच कथा.

मग कधी डोलतो आणि कधी नाही, का?

काट्यावरून घरी आलो तेव्हा सगळं मर्यादेत होतं आणि मी आणखीच चक्रावलो. १३ टक्के टंग वेट, बरोबर ताकदीचे बार, मग आय-८० वर काय झालं?

मुलीने विचारलं, "बाबा, तेव्हा सायकली होत्या ना आपल्याकडे?"

होत्या. मागच्या बंपरच्या रॅकवर चार. आणि पाण्याची टाकी भरलेली होती, कारण पहिल्या रात्री नळ नसलेल्या जागी मुक्काम होता. डोललेल्या दुसऱ्या ट्रिपलाही हेच दोन. चांगल्या गेलेल्या चारही ट्रिपांत टाकी रिकामी, सायकली घरी. काट्यावरही मी टाकी रिकामी आणि सायकलींशिवायच गेलो होतो. 'निघताना असतं तसं भरून' हे वर तुम्हाला शहाणपणाने सांगितलं, ते स्वतः केलं नव्हतं.

कागद घेतला. बॉलपासून ट्रेलरच्या दोन एक्सलच्या मध्यापर्यंत १५ फूट. पाण्याची टाकी ४० गॅलनची, एका गॅलनला ८.३४ पाउंड म्हणजे ३३४ पाउंड, आणि ती एक्सलच्या ५ फूट मागे. ३३४ गुणिले ५ भागिले १५, म्हणजे बॉलवरून १११ पाउंड उचलले गेले. रॅक आणि चार सायकली मिळून १८० पाउंड, एक्सलच्या ११ फूट मागे: बॉलवरून आणखी १३२ गेले. ८०० वजा २४३, राहिले ५५७. आणि ट्रेलर झाला ६,६५४ पाउंडांचा. टंग वेट ८.४ टक्के.

माझे आजोबा सांगलीकडे उसाची गाडी हाकायचे. मागे जास्त मोळ्या टाकल्या की गाडी उलळते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलायला बघतं. पुढे जास्त टाकल्या की जूवर जड होते आणि बैल मान टाकतात. आजोबा मोळ्या लादून झाल्यावर जू एका हाताने उचलून बघायचे आणि चार-दोन मोळ्या पुढेमागे सरकवायचे. त्यांनी माझा ट्रेलर पाहिला असता तर सायकली बघूनच म्हणाले असते, उलळणार.

फरक एवढाच की बैलगाडी उलळली की लगेच कळतं. ट्रेलर ताशी ४५ मैलांपर्यंत काहीच बोलत नाही. मागचा भाग जड असला की लंबकासारखा झोका सुरू व्हायला निमित्त लागतं: मोठ्या ट्रकच्या नाकापुढची हवा आधी बाहेर ढकलते, तो पुढे गेला की आत ओढते, वरून वायोमिंगचा आडवा वारा. वेग कमी असेल तर झोका आपोआप विरतो. वेग वाढला की विरायला वेळ लागतो, आणि एका वेगानंतर विरतच नाही, वाढत जातो. म्हणून तर पहिलं काम पाय काढणं.

दुरुस्ती फुकट झाली. सायकली ट्रकच्या हौद्यात टाकाव्यात असं आधी वाटलं, पण ते शिल्लक १०० पाउंड आठवले. चार सायकलींचेच १४० होतात. म्हणून त्या ट्रेलरच्या आत, जेवणाच्या टेबलापाशी, बरोबर एक्सलवर, पट्ट्याने बांधून. तिथे त्या टंग वेट वाढवतही नाहीत, कमीही करत नाहीत. रॅक काढून टाकला. तसाही मागचा बंपर म्हणजे पातळ पत्र्याची चौकोनी नळी असते, बऱ्याच ट्रेलरांवर सायकली लावू नका असं लिहिलेलं असतं. सायकलींसकट बंपर रस्त्यावर पडलेला मी एकदा पाहिला आहे.

आता भरल्या टाकीने हिशोब: ८०० वजा १११, ६८९. ट्रेलर ६,६१४. टंग वेट १०.४ टक्के, काठावर पास. मग मागच्या फडताळातले डबे, कणकेची पिशवी, कुकर आणि डाळी असं १०० पाउंड सामान १० फूट पुढे आणलं. त्याने बॉलवर ६७ वाढले. ७५६, म्हणजे ११.४ टक्के. पुन्हा काट्यावर गेलो. काटा २० च्या पटीत दाखवतो, ७६० आले. आणि शक्य असेल तेव्हा पाणी मुक्कामी पोचल्यावरच भरतो.

ट्रेलर विकत घ्यायच्या आधी त्याची पाण्याची टाकी एक्सलच्या पुढे आहे की मागे हे विचारा. विक्रेत्याला बहुधा माहीत नसतं, खाली वाकून बघावं लागतं. टाकी पुढे असेल तर उलटा प्रकार: भरली की टंग वेट वाढतं, आणि बार त्या हिशोबाने निवडावे लागतात. सांडपाण्याच्या टाक्याही परतीच्या प्रवासात भरलेल्या असतात, त्या कुठे आहेत तेही पाहून ठेवा. येताना डोलत नाही आणि जाताना डोलतो, किंवा उलट, अशी तक्रार असेल तर मी सगळ्यात आधी टाक्यांकडे बघेन.

कुठल्या जातीचा हिच

डोल थांबवण्याच्या पद्धतीवरून जाती पडतात. सगळ्यात स्वस्त म्हणजे साखळीचे साधे बार आणि बाजूला वेगळा घर्षणाचा दांडा. दांड्यात ब्रेकच्या लायनरसारखे पॅड असतात. लहान ट्रेलरला चालतो. मात्र रिव्हर्स घेण्याआधी तो काढावा लागतो, नाहीतर वाकतो, आणि ओल्या-बर्फाळ रस्त्यावर सैल करा असं त्याच्या मॅन्युअलमध्ये असतं. आमच्या डेन्व्हरच्या हवेत हे दोन्ही विसरायला फार वाव आहे.

त्याच्या वरची जात म्हणजे जिथे बारच घर्षण करतात. इक्वलायझरमध्ये बार ब्रॅकेटच्या पायरीवर पोलादावर पोलाद असे टेकतात आणि वळताना घासतात. रीसच्या ड्युअल कॅममध्ये बारच्या टोकाला खोबण असते, ती कॅमवर बसते आणि ट्रेलर सरळ राहायला बघतो. ब्लू ऑक्सच्या स्वेप्रोमध्ये डोकं मागे कललेलं असतं, त्यामुळे वळताना बार ट्रेलरला परत मध्यावर ढकलतात. हे तिन्ही लावून रिव्हर्स घेता येतं. कुटुंबाच्या ट्रेलरला यातलं कुठलंही पुरतं असं माझं मत. निवड करताना मी बघतो ती रोजची कटकट: बार किती जड, चढवायला किती जोर, वळताना किती ओरडतो, ए-फ्रेमवर प्रोपेनचं झाकण किंवा बॅटरीचा खोका ब्रॅकेटच्या आड येतो का. शेवटचं टेप घेऊन मोजा. परत पाठवताना शंभर पाउंडांचं पार्सल होतं.

सगळ्यात वरची जात हेन्सली आणि प्रोप्राइडची. त्यात सांध्यांची अशी रचना असते की ट्रेलर जणू बॉलवर न वळता पुढे, ट्रकच्या मागच्या एक्सलजवळच्या एका बिंदूभोवती वळतो, त्यामुळे वारा त्याला बाजूला ढकलू शकत नाही. उत्तम चीज आहे, लांबलचक ट्रेलर आणि आखूड गाडी असेल तर खर्च सार्थकी लागतो. पण ८.४ टक्के टंग वेटवर ती लावली असती तर माझी चूक तशीच राहिली असती, फक्त मला जाणवली नसती.

बसवताना

रिकाम्या सपाट जागेत, ट्रेलर न जोडता, ट्रकच्या पुढच्या चाकाच्या मध्यातून फेंडरच्या कडेपर्यंत जमिनीपासूनची उंची मोजा. माझी ३८ इंच ४ सूत. गावाकडचा सुतार धरतो तेच सूत, इंचाचा आठवा भाग. इथल्या टेपवर त्याच्या खुणा बरोबर सापडतात. ट्रेलर जोडून बार सैल: ३९ इंच ३ सूत. म्हणजे नाक ७ सूत वर. बार ताणल्यावर ३९ इंच. ३ सूत परत आलं. फोर्डच्या एफ-१५० चं मॅन्युअल साधारण निम्मी उंची परत आणा म्हणतं, काहींचं वेगळं, म्हणून आपल्याच गाडीचं बघा. पूर्ण ७ सूत आणायच्या नादात मागच्या चाकांवरचं वजन नको इतकं कमी होतं, आणि ओल्या वळणावर ट्रकचं मागचं टोक घसरू शकतं. 'ट्रक अगदी सपाट दिसला पाहिजे' हा हट्ट सोडा.

कमी पडलं तर साखळीची एक कडी वर घ्या किंवा ब्रॅकेट एक भोक वर. तरीही पुरेना तर डोक्याच्या पिनमध्ये वॉशर वाढवून डोकं मागे कलवतात. एका वेळी एकच बदल करा आणि लिहून ठेवा. मी हे ट्रेलरच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलंय, बायकोला ते आवडलेलं नाही.

ट्रेलर सपाट हवा, फार तर नाक किंचित खाली. नाक वर असेल तर शँक, म्हणजे रिसीव्हरमध्ये जाणारा हिचचा दांडा, उलटी करून किंवा भोकं बदलून बॉल खाली घ्या. बॉल कपलरच्याच, म्हणजे त्यावर बसणाऱ्या ट्रेलरच्या टोकाच्याच, मापाचा हवा, जड ट्रेलरला बहुधा २ पूर्णांक ५/१६ इंच. बॉलचं नट साध्या पान्याने आवळू नका, मोठ्या बॉलला ४५० फूट-पाउंडांच्या आसपास टॉर्क लागतो. ट्रकच्या टायरांच्या गॅरेजमध्ये आवळून देतात.

बार चढवताना आधी कपलर बॉलवर अडकवून कुलूप लावा, मग ट्रेलरचा जॅक फिरवून ट्रकची मागची बाजू ट्रेलरसकट वर उचला. ताण कमी झाला की बार हाताने चढतात. मी पहिल्या वर्षी जॅक न वापरता लांब दांड्याने साखळी ओढायचो. एकदा दांडा निसटला आणि कानाजवळून गेला. दांडा वापरायचाच असेल तर तोंड त्याच्या रेषेत नको.

ब्रेक कंट्रोलरचा जोर निर्मनुष्य पार्किंगमध्ये ताशी २०-२५ मैलांवर कळ दाबून ठरवा. ट्रेलरची चाकं लॉक होण्याच्या जरा अलीकडे. टायरांची हवा थंड असताना: ट्रेलरच्या टायरांत साइडवॉलवर लिहिलेली कमाल, ट्रकच्या मागच्या टायरांत निदान दारावरची. ऑक्टोबरच्या थंडीत तपमान १० अंश फॅरनहाइट उतरलं की टायरमधला दाब साधारण १ पीएसआयने उतरतो, आणि मऊ टायर ट्रेलर डोलल्यासारखाच जाणवतो. ट्रेलरच्या काही टायरांना, खास करून जुन्यांना, ताशी ६५ मैलांची मर्यादा असते, कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढताना कायद्यानेच ५५. मी हल्ली ६२ वर क्रूझ लावतो.

आवाजाबद्दल नेहमी विचारतात. पार्किंगमध्ये वळताना बार ब्रॅकेटवर कर्रर्र करून ओरडतात आणि कुत्री भुंकतात. बारच्या डोक्याकडच्या टोकांना आणि बॉलला ग्रीस लावा. ब्रॅकेटवर जिथे घर्षणावरच डोल रोखायची आहे तिथे कंपनीचं मॅन्युअल परवानगी देत असेल तरच, आणि तेवढंच. वेगळ्या घर्षण-दांड्याला मात्र ग्रीसचं बोटही लावू नका. आमच्या शेजारच्या तंबूवाल्याने मोठ्या प्रेमाने माझ्या मेव्हण्याच्या दांड्याला ग्रीस चोपडून दिलं होतं. मेव्हणा सकाळी पॅड पुसत बसला, आणि शेवटी नवे घेऊन आला.